चेनला तेल कुठं घालायचं ते दाखवणाऱ्या मेस्त्री मामांना

मेस्त्री मामांस,
सप्रेम नमस्कार.

मिरग सरून आर्द्रा लागली की खानापूर भागातल्या जांबोटी-कणकुंबी रस्त्यावरच्या दुचाकींचे हाल चेनपासून सुरू होतात. मलप्रभेच्या उगमाकडचा पाऊस आणि खाली लाल माती. हा बारीक चिखल तेलात कालवला गेला की पॉलिश पेपरसारखा चेनचे रोलर आणि दातेरी चक्रांचे दात घासत राहतो. अशा भागात तुम्ही गिऱ्हाइकाला शेजारी बसवून चेनची निगा शिकवता. नवा चेनसेट (चेन आणि तिची दोन दातेरी चक्रं, म्हणजे स्प्रॉकेट) विकण्यात तुमचा फायदा जास्त, तरीही शिकवता. म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात मोठा उपकार म्हणजे तेल नेमकं कुठं जायला हवं ते तुम्ही बोट ठेवून दाखवता. चेन झिजते ती आत, सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, यांच्या मध्ये. साध्या चेनमध्ये पावसाचं पाणी तिथं शिरतं, तेल धुऊन नेतं, पिन गंजते आणि सांध्यातून तांबूस भुकटी बाहेर येऊ लागते. एकेका सांध्याची झीज केसभरच, पण शंभरावर कड्यांची मिळून चेन लांब होते. ग्रीस फासायला तुमचा विरोध याचसाठी. जाड ग्रीस सांध्यात उतरत नाही, वर बसून चिखल धरतं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल तर नकोच, त्यात धातूचा कीस असतो.

ओ-रिंगवाल्या चेनची गोष्ट वेगळी, हेही तुम्हीच समजावलंत. तिच्या पिनांतलं ग्रीस कारखान्यातच रबरी कड्यांनी बंद केलेलं असतं. पेट्रोलनं धुतली किंवा तारेच्या ब्रशनं घासली की रबर खराब होतं, मग आतलं ग्रीस जातं आणि ते परत भरता येत नाही. वॉशिंगवाल्याचं प्रेशरचं पाणीही जवळून चेनवर मारू नये. तिला बाहेरून तेल लागतंच, रोलरसाठी, गंजासाठी आणि रबर सुकू नये म्हणून.

तुमची पद्धत अशी: गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवलं तर फडक्याबरोबर बोटंही स्प्रॉकेटमध्ये ओढली जातात, हे तुम्ही प्रत्येकाला बजावता. रॉकेल आणि मऊ ब्रशनं चिखल काढायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या चेनवर घातलेलं तेल पाण्याला आतच कोंडतं. घाईत हीच पायरी चुकते. मग 90 नंबरचं गिअर ऑइल, खालच्या चेनच्या आतल्या बाजूनं, पट्ट्या एकमेकींवर येतात तिथं दोन्हीकडे एकेक थेंब. चाक फिरताना तेल बाहेरच्या दिशेनं फेकलं जातं, म्हणून आतून घातलेलं सांध्यातून झिरपतं. 118 कड्यांच्या चेनला 10 ते 15 मिली पुरतं. रात्री करून ठेवावं, सकाळी जादाचं पुसावं. न पुसलेलं तेल मागच्या टायरवर उडतं, आणि ओल्या घाटात त्याहून वाईट काही नाही. स्प्रे वापरला तरी तो मुरायला वेळ हवाच, मारून लगेच निघालं की निम्मा उडून जातो.

उन्हाळ्यात 500 किलोमीटरला चालतं, पावसात 200 ते 300 ला, आणि दिवसभर भिजली तर त्याच संध्याकाळी. हा तुमचा हिशेब बरोबर आहे.

चेनचा खेळ, म्हणजे मधोमध ती वर-खाली किती हलते ते, तुम्ही अंदाजानं ठेवत नाही, पट्टी लावता. बहुतेक 100 ते 125 सीसी गाड्यांना 20 ते 30 मिमी, शेवटी पुस्तिकेतला आकडा खरा. चाक फिरवत चार ठिकाणी मोजायचं आणि सगळ्यात घट्ट जागेवर खेळ ठरवायचा. मागं भाताचं पोतं टाकलं की मागचं चाक धरणारा स्विंग आर्म वर जातो, चेन आवळते. खेळ नसेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. दोन्हीकडच्या खुणा सारख्या, ॲक्सलचा नट पक्का, आणि चाक मागं सरकलं म्हणून मागचा ब्रेक पुन्हा सेट, हे तुम्ही कधी चुकवत नाही. चेनची टोकं जोडणाऱ्या चेनलॉकचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला, हेही.

मागच्या स्प्रॉकेटवरून चेन ओढल्यावर अर्धा दात उघडा दिसला तर तेलानं काही होणार नाही, सेटच बदला, असं तुम्ही स्पष्ट सांगता. नुसती चेन बदलायला मात्र नकार देता, कारण झिजलेले दात नवी चेनही खातात.

आणि त्या रबरी बुचांचे वेगळे आभार. चेनकव्हरचं बूच पडलं की तिथून पाणी-माती थेट आत जाते. जुन्या कव्हरांची बुचं तुम्ही डब्यात जपून ठेवता आणि लागेल त्याला पैसे न घेता बसवून देता.

आपले,
खानापूर-जांबोटी भागातले दुचाकीवाले