शिकागोतला कोपर्निकस राहिलाच

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला शिकागो सहलीचा लेख आवडला. 'बीन' आली, नदीतली बोट आली, डीप डिश पिझ्झाही आला. अ‍ॅडलर तारांगणाच्या वाट्याला मात्र 'इथून शहराचा फोटो झकास येतो' एवढं एकच वाक्य! फोटो येतो झकासच. पण तारांगणासमोर बसलेल्या, पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचा साधा उल्लेखही नाही, याची मला, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला, चुटपुट लागली.

मुलगी तिकडे असते, त्यामुळे तो पुतळा निवांत पाहता आला. ब्राँझचा, अंगात पायघोळ झगा, एका हातात वर्तुळ काढायचा कंपास, दुसऱ्यात कड्याकड्यांचं गोलयंत्र, म्हणजे आकाशगोलाचा नमुना. शिकागोच्या पोलिश समाजाने १९७३ साली, कोपर्निकसच्या जन्माला ५०० वर्षं झाली तेव्हा, तो उभारून दिला. (जन्मतारीख १९ फेब्रुवारी. आम्हा कोल्हापूरकरांना ती वेगळी पाठ करायला नको!)

मूळ पुतळा पोलंडच्या राजधानीतला, वॉर्सातला, डॅनिश शिल्पकार थॉरवाल्डसेनचा, १८३० सालचा. शिकागोत आहे ती त्याची प्रतिकृती. महायुद्धात वॉर्सा घेतल्यावर जर्मनांनी मूळ पुतळ्यावर जर्मन पाटी ठोकली, का तर कोपर्निकस आमचा. फेब्रुवारी १९४२ मध्ये अलेक दाविदोव्स्की नावाच्या तरुण स्काउटने ती काढून पळवली. जर्मनांनी चिडून किलिन्स्की या पोलिश वीराचा पुतळा हलवला. लगेच शहरात पत्रकं झळकली: किलिन्स्कीचा पुतळा पाडल्याच्या बदल्यात हिवाळा सहा आठवड्यांनी वाढवण्यात येत आहे. खाली सही कोपर्निकसची! पुढे खुद्द कोपर्निकसलाही भंगारात काढायला नेलं होतं, पण तो युद्धानंतर सापडला आणि जागेवर परत आला. एवढा इतिहास ज्या पुतळ्यामागे, त्याचीच प्रत पोलिश लोकांनी का निवडली असेल, हे वेगळं सांगायला नको.

त्याच रस्त्यावर त्यांचा घोड्यावरचा सेनापती कोश्चुश्कोही आहे. म्हणजे वीरांना ते विसरलेत असं नाही. पण तारांगणासमोर त्यांनी खगोलशास्त्रज्ञ बसवला, हे मला फार पटलं.

आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. आज तिथे गांधीनगर आहे. त्यांच्या संघटनेने पुढे कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभारला. जिथे राहिले तिथे काहीतरी ठेवून जायची या लोकांची रीतच दिसते.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे गणपती, नाटकं, अधिवेशनं जोरात असतात, आनंदच आहे. पण त्यातलं बरंचसं आपलं आपल्यात. मराठीचा गंध नसलेल्यांनाही येता-जाता दिसेल असं काही शहराला द्यायचं ठरलं, तर भास्कराचार्यांचा विचार व्हावा. कोपर्निकसच्या हातात आहे तसलं गोलयंत्र कसं बांधायचं, ते त्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात लिहून ठेवलंय. तारांगण किंवा विद्यापीठाचं आवार, जागा अशीच हवी. मंडळाच्या हॉलमध्ये नको, तिथे आपणच आपल्याला बघणार. वर्गणी निघालीच, तर माझ्या पेन्शनमधले थोडे धरा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर