ब्रेक गेले तर? मित्रास पत्र

प्रिय दोस्ता,

पत्र मिळालं. टाइप रेटिंगला (एका ठरावीक जेटच्या परवान्याच्या प्रशिक्षणाला) निघालास, झकास! बाकी गप्पा फोनवर होतील. तू विचारलेल्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण सिम्युलेटरमध्ये तो तुझ्यापुढे हमखास येणार: चाकं टेकली, पेडल दाबलं आणि जेट ऐकेचना.

एक तर पेडल पंप करत बसू नकोस. पाय पूर्ण उचल. अँटी-स्किड (चाक जाम होऊ नये म्हणून दाब कमी करणारी यंत्रणा) बिघडलं असेल तर तेच ब्रेकचा दाब सोडून देत असतं. ते बंद करून पुन्हा हलकेच दाबलं की कधी कधी ब्रेक परत मिळतात. शेजारच्यालाही त्याची पेडलं दाबायला सांग, दोष फक्त तुझ्या बाजूचा असू शकतो. अर्थात क्रम तुझ्या जेटच्या चेकलिस्टमध्ये असेल तोच. स्पॉयलर, म्हणजे पंखांवरच्या उभ्या होणाऱ्या फळ्या, उघडलेत ना, हेही बघ. पंखांची उचल गेल्याशिवाय चाकांवर भार येत नाही, आणि भाराशिवाय चांगला ब्रेकही निकामीच वाटतो.

पुन्हा वर जायचं का? रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारे) उघडले नसतील आणि पुढे धावपट्टी पुरेशी असेल, तर जरूर. एकदा ते उघडले की थांबायचंच, दुसरा विचार नाही. माझं मत विचारशील तर गो-अराउंड कागदावर जितका सोपा दिसतो तितका इथे हाती लागत नाही. ब्रेक नाहीत हे कळेपर्यंत बहुधा रिव्हर्सर उघडून झालेले असतात.

मग उरतो इमर्जन्सी ब्रेक. सायटेशन या छोट्या जेटच्या बऱ्याच मॉडेलमध्ये त्यासाठी नायट्रोजनची वेगळी बाटली असते, नेहमीचे ब्रेक चालवणाऱ्या हायड्रॉलिकशी (तेलाच्या दाबाशी) तिचं देणंघेणं नाही. आधी पाय पेडलवरून काढ, मगच लिव्हर ओढ. ओढताना सावकाश! दाब दोन्ही बाजूंना सारखाच जातो, त्यामुळे डावा-उजवा ब्रेक वेगळा मारून विमान सरळ ठेवता येत नाही. ते काम रडरचं आणि वेग उतरल्यावर नाकाच्या चाकाचं. अँटी-स्किडही नसतं. खांद्याचे पट्टे छातीवर ताणलेले जाणवले की हात तिथेच थांबव आणि धरून ठेव. लिव्हर सोडलीस की वापरलेला वायू बाहेर जातो. दर सोड-ओढीला बाटली रिकामी होत जाते. आणि हिसका दिलास तर चाकं जाम होऊन टायर फुटतात.

फुटलेला टायर काय करू शकतो ते बघायचं असेल तर १९ सप्टेंबर २००८ चा अपघात वाच. दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबियाला एक लिअरजेट ६० उड्डाणासाठी धावत होतं. टायरमध्ये हवा फार कमी होती, ते फुटले. तुकड्यांनी जमिनीवर असल्याची खूण देणाऱ्या यंत्रणेचं नुकसान केलं. विमानाला वाटलं आपण हवेत आहोत. रिव्हर्सर आपोआप मिटले आणि वैमानिक उड्डाण सोडून थांबण्यासाठी मागे ओढत असताना इंजिनं पुढे ढकलू लागली. सहापैकी चार जण गेले. तेव्हापासून टायरचा दाब मोजला का, हे मी स्वतः विचारतो, मग कुणी किरकिऱ्या म्हणो.

पाण्याचंही लक्षात ठेव. टायरच्या पीएसआयचं (हवेच्या दाबाच्या आकड्याचं) वर्गमूळ गुणिले ९ हा नॉटमधला (तासाला सागरी मैल) वेग, म्हणजे १४४ पीएसआयला साधारण १०८ नॉट. त्याहून जास्त वेगात साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागतो. ब्रेक ठणठणीत असतात, पण गेल्यासारखे वाटतात. तेव्हा घाबरून इमर्जन्सी लिव्हर ओढलीस तर चाकं मोकळी ठेवणारं अँटी-स्किडच गमावून बसशील.

हायड्रॉलिकचा इशारा हवेतच मिळाला तर नशीब समज. लांब, कोरडी धावपट्टी, समोरचा वारा, कमी इंधन, खाली तयार अग्निशमन, सगळं जमवता येतं. चेकलिस्टमध्ये लँडिंग अंतर कितीने गुणायचं ते दिलेलं असतं, ते गुणाकार हवेत करायला वेळ असतो.

थांबल्यावर विमान स्वतः जमिनीवर चालवत (टॅक्सी करत) निघू नकोस, टोइंगवाल्यांना बोलाव. तापलेल्या चाकाच्या बाजूला कुणी उभं राहता कामा नये. जायचंच तर पुढून किंवा मागून.

तुझ्या जेटला नायट्रोजन आहे की ॲक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी), ते कळव. ॲक्युम्युलेटर असेल तर किती वेळा ब्रेक मिळतात, हे इन्स्ट्रक्टरला पहिल्याच दिवशी विचार.

तुझाच,
जुना कोपायलट