मोदक फॉन्ट मथळ्यालाच राहू दे

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमची मुलांची पुरवणी आमच्याकडे आवडीने वाचतात म्हणून मुद्दाम लिहितेय. गेल्या रविवारची गोष्ट अख्खी मोदक फॉन्टमध्ये छापलीत. मथळा एकदम झकास होता, पण खालच्या बारीक मजकुरात भ कुठला आणि म कुठला तेच कळेना, नातीने अर्ध्यात सोडून दिली.

फॉन्टवर माझा राग नाही हो, उलट जीव आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचं हे काम, देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलीय, हाताने काढलेल्या गोलमटोल अक्षरांवरून. इंग्रजी अक्षर जाड करणं त्यामानाने सोपं, आपल्याकडे शिरोरेषा, गाठी, वर मात्रा, खाली उकार आणि त्यात ष्ट्र सारखी जोडाक्षरं, एवढं सगळं फुगवायचं म्हणजे पांढरी जागा उरणार कुठे? तर यांनी अक्षराच्या पोटात केसाएवढी पांढरी रेघ ठेवली आणि तेवढ्यावर अक्षर ओळखू येतं! मला हे फार मोठं काम वाटतं. पण ती रेघ मोठ्या साइजलाच टिकते. पेपरच्या कागदावर शाई पसरते, बारीक साइजला रेघ बुजली की उरतो नुसता काळा ठिपका. त्यात काही ठिकाणी डीटीपीवाले वर अजून बोल्ड मारतात, अहो या फॉन्टला वजन, म्हणजे अक्षराची जाडी, एकच आहे, बोल्ड दाबलं की कॉम्प्युटर आपल्या मनाने अक्षर फुगवतो आणि होती ती जागा पण जाते.

बालवाडीचा बोर्ड, मिठाईचं दुकान, गणपतीचा मंडप, बालनाट्याचं पोस्टर, पुस्तकाचं कव्हर, असं दोन-तीन शब्दांचं काम असेल तर याच्यासारखा फॉन्ट नाही. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मात्र कृपा करून नको, तेही पाहिलंय मी आणि फार वाईट वाटलं. गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, लायसन्स ओपन आहे, धंद्याच्या कामाला पण चालतो, फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही. शिवाय युनिकोड, म्हणजे मोबाइलवर टाइप केलेलं तसंच्या तसं पेस्ट होतं, जुन्या फॉन्टसारखं कन्व्हर्टर शोधत बसायला नको.

गोष्टीच्या मजकुराला ‘एक टाइप’चाच मुक्ता फॉन्ट घ्या, सात वजनं आहेत आणि बारीक साइजला पण स्वच्छ वाचता येतो. मधल्या चौकटींना थोडं गोलसर हवं असेल तर बालू 2 आहे, त्यात पाच वजनं मिळतात. आणि मोदक लावा 60 पॉइंटच्या पुढे, मोकळी जागा सोडून, बोल्ड न करता. चित्रकाराचं नाव छापता तसं अक्षरं करणाऱ्यांचं पण पानाच्या तळाशी छापा ना.

आपली नेहमीची वाचक, पुणे