आशियाच्या वाट्याला समित्याच

संपादक महोदय,

कालच्या अंकातला 'इफ्ला'वरचा, म्हणजे ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघावरचा लेख वाचला. ग्रंथालयांसारख्या विषयाला तुम्ही अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. एरवी ग्रंथपालाची बातमी होते ती अनुदान थकलं किंवा इमारतीला आग लागली तरच. पण सहा प्रादेशिक विभाग झाल्यामुळे संघटनेच्या नेतृत्वात आता सगळ्या जगाला स्थान मिळालं, असं लेखक छातीठोकपणे सांगतात तेव्हा राहवत नाही.

विभाग झाले, मान्य. २०२१च्या फेररचनेत प्रादेशिक परिषद आली, तिच्या अध्यक्षाला नियामक मंडळात जागा मिळाली, तेही मान्य. पण मुख्य खुर्चीचं काय? १९२७ साली एडिंबरोत संघटना स्थापन झाली, पहिले अध्यक्ष स्वीडनचे इसाक कॉलिन. तिथून २००३पर्यंत युरोप-अमेरिकेबाहेरचा एकही अध्यक्ष नाही. त्या वर्षी बोट्स्वानाच्या के रासेरोका आल्या, मग ऑस्ट्रेलिया, जर्मनी, आणि २००९मध्ये दक्षिण आफ्रिकेला मान मिळाला. त्यानंतर कॅनडा, फिनलंड, अमेरिका, स्पेन, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, परत ऑस्ट्रेलिया, परत कॅनडा. पूर्वी अध्यक्ष पाच-सहा वर्षं हलत नसत, आता दर दोन वर्षांनी नवा येतो. म्हणजे संधी वाढल्या. तरी आशिया आणि दक्षिण अमेरिका, दोघांच्या नावापुढे आजवर शून्य.

यावर उत्तर तयार असतंच. विभागाचं नाव 'आशिया-ओशिआनिया', आणि ऑस्ट्रेलियाला अध्यक्षपद तीनदा मिळालंय! म्हणजे कागदोपत्री आपलं पोट भरलेलं आहे. टोकियो, ढाका आणि जकार्ताचा हिशेब परस्पर सिडनीत चुकता झाला. अधिवेशनाला मात्र आशिया चालतो. १९९२ला नवी दिल्ली, १९९६ला बीजिंग, १९९९ला बँकॉक, पुढे सोल, सिंगापूर, क्वालालंपूर, अगदी परवा २०२५ला अस्ताना. मांडव आमचा, मिरवणार दुसरेच. आपल्या रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे १९३१चे पाच नियम मात्र प्रत्येकाच्या भाषणात हवेत.

हे मी दुरून बोलत नाही. एका आंतरराष्ट्रीय ग्रंथालय संघटनेच्या (इफ्ला नव्हे, नाव घेत नाही) समितीवर मी काही वर्षं होतो. बैठका ऑनलाइन. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा, युरोपात संध्याकाळचे सात, माझ्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेअकरा. त्यांनी उन्हाळ्यात घड्याळं पुढे केली की माझे साडेदहा व्हायचे, तेवढीच काय ती सवलत. वेळ आळीपाळीनं बदलावी, अशी सूचना मी लेखी पाठवली. 'अत्यंत मोलाची सूचना' असं उत्तर आलं. विषयपत्रिकेवर ती सगळ्यात शेवटी, 'आयत्या वेळचे विषय' याच्या जरा वर. तिथपर्यंत गाडी पोचायचीच नाही, कारण तोवर युरोपात जेवणाची वेळ झालेली असे. इतिवृत्तात ठरलेलं वाक्य : वेळेअभावी पुढील बैठकीत. पुढच्या बैठकीतही तेच. मग दोन-तीन बैठका मी बुडवल्या, तर इतिवृत्तात लगेच नोंद, 'आशियातील सदस्यांचा सहभाग वाढवण्याची गरज आहे.' वा! आणि वार्षिक अहवालातल्या जगाच्या नकाशावर माझ्या देशात एक चांगला ठसठशीत लाल ठिपका होता. तो ठिपका म्हणजे मी.

अध्यक्षपदाचा रस्ता अशाच समित्यांमधून जातो, हे लेखकाला ठाऊक नसेल असं वाटत नाही. पदं बिनपगारी. प्रवासाचा खर्च ज्याचा त्यानं किंवा त्याच्या संस्थेनं करायचा. वर्षानुवर्षं अधिवेशनांना जाऊन तोंड दाखवायचं, ओळखी करायच्या, तेव्हा कुठे नाव सुचवलं जातं आणि मतं पडतात. ज्या ग्रंथालयाला नियतकालिकांची वर्गणी भरताना नाकी नऊ येतात, ते आपल्या माणसाला परदेशी कशाला पाठवेल? मग 'तिकडून कोणी उभंच राहत नाही' असं म्हणायला हे मोकळे. भाषेचं तर विचारूच नका. संघटनेच्या अधिकृत भाषा सात. अरबी आणि चिनी आहेत, दक्षिण आशियातली एकही नाही.

आळीपाळीनं खंड ठरवून द्या, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर लायक माणसाचंही नाव 'कोट्यातला' म्हणून खराब होईल. पण बैठकीची वेळ फिरती ठेवायला आणि समितीवरच्या गरीब देशांतल्या सदस्यांना तिकीट काढून द्यायला घटनादुरुस्ती लागत नाही. लेखात यातलं काहीच नाही. लेखकानं संघटनेचं माहितीपत्रक समोर ठेवून मराठी केलं असावं, अशी मला शंका आहे.

आणि जाता जाता. लेखासोबत छापलेल्या छायाचित्रात पुढे बसलेल्या चौघांची नावं हुद्द्यांसकट आहेत, चौघंही युरोप-अमेरिकेचे. मागे उभ्या असलेल्यांसाठी 'व इतर प्रतिनिधी'. त्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यांवर नावं आहेत. मी भिंग घेऊन पाहिलं, दोन तर सहज वाचता येतात. तुमच्या उपसंपादकांनीही पाहायला हरकत नव्हती.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल