यादी करून अनावश्यक उपचार थांबत नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अनावश्यक तपासण्या आणि उपचार यांवर आपल्या दैनिकात जो लेख आला, त्यात सगळा दोष डॉक्टरांच्या लोभावर ठेवलेला आहे. लोभ नसतोच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून उमेदीची वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्यांचा रुग्णाला लाभ नाही किंवा लाभापेक्षा त्रासच अधिक आहे, अशा पुष्कळ गोष्टी केवळ त्या थांबवण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते म्हणून चालू राहतात.

आमच्याकडे दाखल रुग्णांसाठी तपासण्यांचा एक छापील अर्ज होता. त्यात हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी), सोडियम-पोटॅशियम (रक्तातील क्षार) यांच्यापुढे ‘रोज’ असा रकाना असे. पहिल्या रात्री निवासी डॉक्टरने त्यात खूण केली की रुग्ण घरी जाईपर्यंत दररोज पहाटे त्याचे रक्त काढले जाई. सलग चार दिवस तेच आकडे आलेल्या रुग्णाची पाचवी नळी यंत्रात लावताना हे कशासाठी चालले आहे असा प्रश्न मला पडे. आणि कोपराच्या आतली बाजू काळीनिळी झाली म्हणून मनगटाकडे शीर शोधावी लागे, तेव्हा तो रुग्णालाही पडत असावा. फार दिवस दाखल असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन अशा वारंवार रक्त काढण्यानेही उतरते, आणि ते का उतरले हे पाहण्यासाठी पुन्हा रक्तच काढले जाते. यात कोणाला एक पैसाही मिळत नव्हता.

हीच प्रथा टाळावी, असे अमेरिकेतील रुग्णालयीन डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ मध्ये स्पष्टपणे सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी तेथे ‘चूझिंग वाइजली’ (म्हणजे ‘शहाणपणाने निवड’) ही मोहीम सुरू झाली होती. नऊ वैद्यकीय संघटनांनी आपापल्या क्षेत्रातील पाच-पाच शंकास्पद गोष्टी स्वतःहून जाहीर केल्या आणि पुढे अनेक देशांनी तशा याद्या केल्या. डॉक्टरांनी आपल्याच कामातले अनावश्यक काय ते उघडपणे सांगावे, ही गोष्ट लहान नाही. परंतु यादीने काय साधले? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत, याद्यांमधील ज्या सात गोष्टी तपासल्या, त्यांपैकी दोन किंचित घटल्या होत्या, दोन उलट वाढल्या होत्या आणि उरलेल्या जिथल्या तिथे होत्या.

म्हणूनच कॅनडातील आरोग्यसेवा-संशोधक जेरेमी ग्रिमशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गोष्टी प्रत्यक्षात थांबवण्यासाठी २०२० मध्ये मांडलेला आराखडा मला महत्त्वाचा वाटतो. निरुपयोगी गोष्टी हेरणे हा त्यांनी चक्क शून्यावा टप्पा मानला आहे. त्यानंतर आपल्या ठिकाणी आधी कशाला हात घालायचा ते ठरवणे, ती प्रथा कशामुळे टिकून आहे ते शोधून त्यावर उपाय योजणे, उपायाचा गुण आला की नाही हे काटेकोरपणे तपासणे आणि मग तो इतरत्र नेणे, असे चार टप्पे येतात. यांतला अडथळे शोधण्याचा टप्पा नेहमी वगळला जातो, असा माझा अनुभव आहे. आमच्या निवासी डॉक्टरांना रोजच्या तपासणीची गरज नाही हे ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. सकाळच्या राउंडला वरिष्ठांनी ‘पोटॅशियम किती?’ असे विचारले आणि आकडा हाताशी नसला, तर सर्वांसमक्ष बोलणी खावी लागतील, ही त्यांची भीती होती. अशा तरुणाला व्याख्यान देऊन किंवा भिंतीवर भित्तिपत्रक लावून काय होणार? तेथे वरिष्ठांनीच विचारणे सोडायला हवे आणि अर्जातला रकाना जायला हवा.

उपाय नेमका असला तर साधाही चालतो. इंग्लंडमध्ये प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) सर्वाधिक लिहून देणाऱ्या दवाखान्यांना देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने ‘आपल्या भागातील ८० टक्के दवाखाने आपल्यापेक्षा कमी प्रतिजैविके देतात’ असे पत्र गेले. ज्या दवाखान्यांना ते पाठवले नव्हते, त्यांच्या तुलनेत पत्र मिळालेल्या दवाखान्यांतील प्रतिजैविकांचे प्रमाण सहा महिन्यांत ३.३ टक्क्यांनी कमी भरले. त्याच प्रयोगात रुग्णांसाठी वाटलेल्या पत्रकांचा आणि भित्तिपत्रकांचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. ३.३ हा आकडा लहान दिसेल, पण तो एका पत्राने साधलेला आणि तुलना करून मोजलेला आहे, आणि अशी मोजदाद या क्षेत्रात विरळाच होते.

एक धोका मात्र सांगायला हवा. अनावश्यक गोष्टी थांबवण्याची ही मोहीम खर्चकपातीच्या नावाखाली हिशेबनिसांच्या हाती गेली की खरोखर गरजेची तपासणीही कापली जाते, आणि मग रुग्ण व डॉक्टर दोघांचाही तिच्यावरचा विश्वास उडतो. त्यामुळे काय कमी झाले याच्या जोडीला, ज्याला तपासणी हवी होती त्याची ती राहून तर गेली नाही ना, हेही मोजले पाहिजे. रुग्णालयांनी वर्षाला निदान एका प्रथेपुरते असे दोन्ही आकडे जाहीर करावेत आणि आपल्यासारख्या दैनिकांनी ते मागून घ्यावेत, अशी माझी विनंती आहे.

आमच्या अर्जातला ‘रोज’ हा रकाना एका वरिष्ठ डॉक्टरांनी आग्रह धरून काढायला लावला. त्याजागी ‘किती दिवस, कशासाठी’ अशी रिकामी ओळ आली आणि पहाटेचा नळ्यांचा स्टँड पहिल्यांदाच अर्धा मोकळा दिसू लागला. पुढे ते डॉक्टर निवृत्त झाले. नंतर अर्ज संगणकावर आले, तेव्हा ‘रोज’ची खूण आधीच केलेली होती. ती कोणी केली, हे मी दोन-तीनदा विचारले. कोणालाच सांगता आले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ