इशारा जिल्ह्याचा, पाऊस गावाचा

‘यलो अलर्ट असूनही दिवसभर ऊन’ ही बातमी वाचली. त्यात हवामान खात्याला दिलेला दोष पटला नाही. कोकणात समुद्रावरचे वारे सह्याद्रीला अडून पाऊस देतात, म्हणून तिथल्या मुसळधारेची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागू शकते. मराठवाड्यातला वळवाचा ढग दुपारच्या तापाने उठतो, काही किलोमीटरच पसरतो आणि बहुधा तासाभरात विरतो. इशारा अख्ख्या लातूर जिल्ह्याला असतो, पण त्यातले औसा भिजते, निलंगा कोरडे राहते. ढग नेमका कुठे उठेल, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही.

खरा उपयोग खात्याच्या तीन तासांच्या तात्कालिक अंदाजाचा. त्यासाठी रडार जवळ हवे. रडारने क्षितिजापासून अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला लहरींचा झोत पृथ्वीच्या वक्रतेमुळे 200 किलोमीटरवर सुमारे 4 किलोमीटर उंच जातो. ढगाचा खालचा भाग त्याला दिसतच नाही.

हा अंदाज आणि ‘दामिनी’ अ‍ॅपवरचा वीज पडण्याचा इशारा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून लगेच सांगितला गेला पाहिजे. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकायला अर्धा तास पुरतो, झाडाखाली थांबलेल्या मजुरांना पक्क्या घरात आणायला त्याहून कमी.

– एक वाचक, लातूर