माझ्या कानात ‘सा’ धरणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या त्या रात्रीला तीन आठवडे होऊन गेले, तरी हेडफोन कानाला लावला की आधी आपलाच सूर ऐकू येतो, म्हणून हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना. आपण डीजे म्हणून माझ्यानंतर वाजवणार होता. माझी वीस मिनिटे उरलेली असताना माझे दोन टेक्नो, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या नाचाच्या संगीताचे, ट्रॅक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. दोहोंवर मीच ‘८ए’ अशी खूण केली होती, म्हणजे दोन्हींचा षड्ज पांढरी सहा आणि स्वरावली मायनर; कोणत्या पट्ट्या एकमेकींशी जुळतात हे आकड्यांत सांगणाऱ्या कॅमलॉट चक्राच्या हिशेबाने त्यांचे जुळायलाच हवे होते. पण पहिला ट्रॅक मूळचा १२८ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांचा होता आणि तो मी की-लॉक (वेग बदलला तरी सूर जागेवर धरून ठेवणारी सोय) न लावता १३६ पर्यंत नेला होता. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर पेटीवरची जवळजवळ एक पट्टी वर सरकतो आणि पांढरी सहाची काळी पाच होते, हे मला ठाऊकच नव्हते. खालच्या पट्टीतले ते दोन बेस, म्हणजे खर्जाचे सूर, एक ५५ हर्ट्‌झचा आणि दुसरा ५८ च्या जरा वरचा, एकमेकांवर घासू लागले आणि सेकंदाला तीन-साडेतीन हेलकाव्यांची ती घरघर थेट पोटात जाणवू लागली.

ज्या क्लासमध्ये मी भरभक्कम फी भरून शिकलो, तिथे ‘आकडे जुळवा आणि सिंक (वेग आपोआप जुळवणारे बटण) दाबा’ यापलीकडे कोणी गेले नाही. की-लॉकने किकची, म्हणजे ढोलासारख्या मुख्य ठोक्याची, धार बोथट होते, तेव्हा तो बंद ठेवावा, हे अर्धे ज्ञान मात्र तिथेच मिळाले. उरलेले अर्धे बहुधा पुढच्या बॅचच्या फीमध्ये असावे. एका ज्येष्ठ डीजेंनी तर ‘टेक्नोला कसला आलाय सूर, लोकांना धडधड पुरते’ असे म्हणून मला वाटेला लावले होते. डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी हे संगीत घडवले, तेव्हा त्यात सिंथेसायझरचे सूर किती भरभरून होते, हे त्यांनी ऐकलेच नसावे.

त्या क्षणी आयोजक आपल्याला ‘चढा आता’ असे हातवारे करत होते, हे मी पाहिले. आपण चढलात, पण ट्रॅक मिसळायच्या मिक्सरला बोटही लावले नाही. माझ्या हेडफोनची एक बाजू उचलून आपण माझ्या कानाशी हलकेच ‘सा’ धरलात, श्वास घेऊन त्याचा ‘प’ लावलात आणि मागे जाऊन उभ्या राहिलात. लहानपणी पेटीच्या शिकवणीत घोटलेले सगळे एकदम जागे झाले: काळी पाचचा पंचम पांढरी चार, म्हणजे माझ्या याद्यांमधली ‘४ए’ची खूण. दुसऱ्या ट्रॅकचा बेस मी कापला आणि मूळच्याच १३६ बीपीएमचा, ‘४ए’चा एक ट्रॅक बत्तीस मात्रांनंतर समेवर सोडला. नाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी काही बिनसले होते याचा पत्ता लागला नसेल.

दुसऱ्याची फजिती होत असताना त्याच्या जागेवर आपण जाऊन बसणे फार सोपे असते, आणि आमच्या या क्षेत्रात त्यालाच हुशारी म्हणतात. आपण माझी उरलेली मिनिटे माझ्याकडेच राहू दिलीत. नंतर कोणी विचारले तेव्हाही ‘छान वाजवत होते की’ एवढेच म्हणालात, हे मला साउंड सांभाळणाऱ्या मुलाकडून कळले.

आता माझ्या यादीत प्रत्येक ट्रॅकपुढे दोन खुणा असतात, एक मूळ वेगातली आणि दुसरी एक पट्टी चढल्यावरची. दुसरी खूण मी पेटीवर सूर लावून पाहिल्याखेरीज लिहीत नाही.

आपला कृतज्ञ,
त्या रात्री आपल्याआधी वाजवणारा